भात बंद

आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, रक्तात साखर निघाली तेव्हा दवाखान्यातून गोळ्यांबरोबर एक छापील कागद मिळाला. घरी येऊन मी तो त्यांना वाचून दाखवला. सकाळी ओट्स नाहीतर ब्राउन ब्रेडचे दोन तुकडे, अकरा वाजता एक सफरचंद, दुपारी दोन फुलके, भाजी, डाळ, काकडी, चार वाजता मूठभर भाजलेले मखाणे, रात्री पुन्हा फुलके. तळाशी ठळक अक्षरांत: भात, बटाटा, साखर, गूळ बंद. रोज तीस मिनिटे चालणे. आई आडाळ्यावर बसून नारळ खवत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "परत वाच." मी परत वाचलं. "मासो खंय आसा ह्येच्यात?" मासा कुठेच नव्हता. मग करवंटी बाजूला ठेवून त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "आणि गो, आजारी माणसाक आमी पेज दितो. मी आजारी आसय, मगे माकाच भात बंद कसो?"

मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं आणि कागद फळीवरच्या डब्याखाली सरकवला. पण प्रश्न काही सरकेना. कुडाळला परत येताना एसटीत, दुसऱ्या दिवशी ऑफिसात, डबा उघडताना तो डोक्यात होताच.

त्या कागदाचा मला राग आला असं नाही. छापील कागद सगळ्यांसाठी एकच असतो, आणि तो छापणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण होतं ते मखाण्यांवरून कळतं. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या शिरोड्याच्या बाजारात हल्ली मखाणेही मिळतात, तो मुद्दा नाही. आमच्याकडे गहू पिकत नाही. चपाती आईंच्या लेखी शाळेच्या डब्यात द्यायची वस्तू. रोजच्या जेवणात भाकरी झालीच तर तांदळाची, घावन तांदळाचे, आंबोळी तांदळाची, आणि या सगळ्यानंतर 'जेवण' म्हणजे भात. ओट्स मी आणून दिले होते. पुढच्या शनिवारी गेले तर आईंनी त्यांत नारळाचा रस आणि गूळ घालून ते 'जरा खावसारख्यां' केलेलं होतं. वेलचीही होती. चवीला उत्तम लागत होतं, हे सांगायला हरकत नाही.

आईंच्या घरी भात उकडायचा दिवस अजून जोरात असतो. आदल्या दिवशी भात भिजत पडतं. पहाटे मागीलदारच्या चुलीवर काळाकुट्ट हंडा चढतो, खाली माडाचे सुके पिडे आणि करवंट्या. साळीची तोंडं फुटायला लागली की वाफेला एक वास सुटतो, ओल्या तुसाचा, थोडा मातीचा आणि मागाहून गोडसर. तो केसांत बसतो आणि न्हाईपर्यंत जात नाही. मग खळ्यात तरटं अंथरून सगळं उन्हात पसरायचं आणि कोंबड्या हाकत बसायचं. पूर्वी ते काम पोरांचं होतं, आता पोरं मुंबईला, म्हणून काठी माझ्या हातात. कोंबड्यांवरून आठवलं: कोंडा काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळावर जगणाऱ्या माणसांचे पाय लुळे पडतात त्याचा माग ख्रिस्तियान आइकमान नावाच्या डच डॉक्टरला जावा बेटावर कोंबड्यांमुळेच लागला. कोंडा काढलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडत, कोंड्यासकट खाणाऱ्या टुणटुणीत राहत. त्याला १९२९ साली नोबेल मिळालं. तुसासकट उकडलं की कोंड्यातलं बी-१ जीवनसत्त्व दाण्यात मुरतं आणि मग गिरणीत कोंडा गेला तरी ते सगळं जात नाही. म्हणजे आमचा लालसर, जाडा, पाहुण्यांपुढे वाढायला लाज वाटणारा उकडा तांदूळ सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळापेक्षा शहाणाच. पण शहाणा तांदूळ झाला तरी तांदूळच.

आणि तांदूळ म्हटला की पेज. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, मऊ शिजलेली, वरचं पाणी दाटसर, त्यात मिठाचे खडे, सोबत निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा किंवा खारातली कैरी. ताप उतरल्यावर, बाळंतपणानंतर, मयताहून आल्यावर, लग्नाच्या धांदलीनंतर पोट बिघडल्यावर, पेज. आईंचं वैद्यक एवढंच, आणि ते चुकीचं नव्हतं. तापातल्या माणसाला पाणी, मीठ आणि सहज पचेल असं काहीतरी हवं असतं, ते पेजेत नेमकं असतं. अडचण अशी की जे सहज पचतं ते सहज साखरही होतं. आणि हा नवा आजार पोटाचा नाही, तापाचा नाही, खरं तर आईंच्या हिशोबात तो आजारच नाही. दुखत काही नाही, अन्नावरची वासना गेलेली नाही, झोप लागते. ज्या आजारात कडकडून भूक लागते त्याला आजार म्हणायचं कसं?

मग नवऱ्याने साखर मोजायचं यंत्र आणलं. पहिल्या दिवशी मी आईंचं बोट धरून सुई टोचली, रक्त येईना. पुन्हा टोचली, नाही. सुईची खोली शेवटच्या आकड्यापर्यंत वाढवली, तरी बोटाच्या टोकावर नुसता एक पांढरा ठिपका उठला. झापं विणून, सुंभ वळून, कोयत्याची मूठ धरून आणि चुलीतली लाकडं उघड्या हातांनी सारून त्या बोटांची कातडी इतकी राठ झाली होती की कारखान्यात ज्या बोटासाठी ती सुई बनवली असेल ते बोट निराळंच असावं. शेवटी अनामिकेच्या कडेला, नखाच्या बाजूला, जरा मऊ जागा सापडली. बारीक थेंब आला. आई म्हणाल्या, "आसा हां रगत, घाबरू नको."

यंत्राने जे केलं ते कागदाला जमलं नाही. पेज जेवल्यावर दोन तासांनी आकडा अडीचशेच्या वर. दुसऱ्या दिवशी मूठभर भात, त्यावर कुळथाची उसळ, बांगड्याचं तिकलं आणि चवळीची भाजी, तर दोनशेच्या आत. आईंनी चश्मा लावून दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहिले, एकादशी आणि गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी. तेव्हापासून त्या माझ्यापेक्षा बारकाईने प्रयोग करतात. नाचणीचं सत्त्व साखरेला चालतं असं वाडीत सगळ्या एकमेकींना सांगत असतात. नाचणीत कॅल्शियम भरपूर, तांदळात नावापुरतं, हे खरं. पण पीठ पाण्यात शिजवून पातळ करून प्यायलं की साखर चढायची ती चढतेच. हे आईंनी बोटाला टोचून घेऊन वाडीत जाहीर केलं, आणि त्या आठवड्यात दोघी शेजारणी त्यांच्याशी बोलत नव्हत्या.

१९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने दुमजली बसच्या माणसांचा अभ्यास छापला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढतोय, उतरतोय. दोघे एकाच कंपनीचे, साधारण एकाच थरातले. हृदयविकार कंडक्टरांना कमी आणि झालाच तर उशिरा. हे वाचलं तेव्हा मला आईच दिसल्या. त्या आयुष्यभर कंडक्टर होत्या. पहाटे रहाटाचं पाणी, मग शेण, मग डोंगरातून कवळ नाहीतर लाकडाचा भारा, पावसात वाकून लावणी, दिवाळीच्या आगेमागे झोडणी, मिरच्या-नारळ डोक्यावर घेऊन बाजार. एवढ्या दिवसाच्या मधोमध दहा वाजता पेज आणि दुपारी डोंगराएवढा भात हे हिशोबाचंच जेवण होतं. मग पंप आला, गॅस आला, मिक्सर आला, रिक्षा खळ्यापर्यंत यायला लागली, भातशेती अर्ध्यावर आली आणि त्या हळूहळू ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्या. ताट मात्र कंडक्टरचंच राहिलं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण या वळणावर लोकांना लगेच जुन्या दिवसांचे कढ येतात. 'आमचे आजी-आजोबा काय खायचे आणि कसे ठणठणीत होते!' माझ्या सासऱ्यांच्या आईचा फोटो ओटीवर आहे. गालफडं बसलेली, डोळे मोठे, वय विचारलं तर चाळिशीच्या आतलं. बायका शेवटी जेवायच्या आणि शेवटी भांड्यात पेजेचं पाणी उरायचं. मासळी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात गेल्यावर बाईला रस्सा आणि डोकं. रहाटाने दंड भक्कम होत असतील, पण कंबरही त्यानेच गेली. एकदा मी उत्साहाच्या भरात आईंना म्हटलं, पाणी ओढणं हा किती चांगला व्यायाम होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "बावीत रहाट आसा अजून. तुका व्हयो तर तू ओढ." मी पंपाचं बटण दाबलं.

शेजारच्या गोव्याचा आकडा ऐकून मी चरकले होते. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यात देशात प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, राज्यांमध्ये सर्वांत जास्त. आमच्या घरापासून गोव्याची हद्द जवळ. तेरेखोलच्या खाडीला साखर अलीकडे-पलीकडे कळत असेल असं मला वाटत नाही. तोच भात, तोच नारळ, तीच मासळी, तेच मुंबईहून किंवा आखातातून येणारे पैसे, तीच दारातली स्कूटर.

शेवटी वाट दाखवली ती तालुक्याच्या गावातल्या एका वयस्क डॉक्टरांनी. त्यांनी तो छापील कागद वाचला, घडी घालून आईंच्या हातात परत दिला आणि विचारलं, "तुमी काय जेवतास तां सांगा." आईंनी सांगितलं. त्यांनी 'बंद' हा शब्द एकदाच वापरला, साखर घातलेल्या चहापुरता. भात एक मूद, वाटी उलटी करून पडेल तेवढीच. त्याआधी उसळ आणि भाजी पोटात जाऊ दे. मासळी खा, पण रव्यात घोळवून तेलात सोडलेली कधीतरी. रोजची आमटीतली किंवा तिकल्यातली. म्हणजे पदार्थ एकही नवा नाही, नुसती ताटातली माणसं जागा बदलून बसवली. कुळीथ, काळे वाटाणे, चवळी, तारली, बांगडा, पावसात टाकळा, कुर्डू, शेगलाचा पाला. आईंना हे जेवण गरिबीचं वाटतं, कारण गरिबीत त्यांनी तेच खाल्लंय. पाहुणा आला की अजूनही ते सगळं आत जातं आणि सुरय भात, वडे, श्रीखंड बाहेर येतं.

चहाचं प्रकरण मात्र अवघड निघालं. आईंच्या दिवसात चहा किती वेळा होतो याची मोजदाद कुणीच केलेली नव्हती, कारण चहा खाण्यात धरायचाच नसतो. उठल्यावर, पेजेआधी, दूधवाला आला म्हणून, कुणी खळ्यात डोकावलं म्हणून, भजनाला जाण्याआधी, आल्यावर. प्रत्येकात दोन चमचे. सोबत बेकरीतली नानकटाई किंवा बटर, 'नुसतो चाय देवक बरां दिसणा नाय' म्हणून. सगळा दोष भाताच्या माथी मारला जात होता आणि ही मंडळी मागच्या दाराने आरामात ये-जा करत होती. चहा आता बिनसाखरेचा झाला आहे. तो पिताना आई जो चेहरा करतात तो बघून आलेला पाहुणा दुसरा कप मागत नाही.

मिठाचं तर विचारूच नका. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभर. इकडे जून-जुलैत मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, तेव्हाच्या जेवणाला चव येते ती सुक्या बांगड्याने, सुकटीने, खाऱ्या कैरीने. शिरोड्यात मिठागरं आहेत. १९३० साली मिठासाठी सत्याग्रह झालेलं गाव ते. तिथल्या बाईला मीठ कमी करा सांगायचं म्हणजे सांगणाऱ्याकडे जरा धैर्य हवं. आम्ही सुका बांगडा भाजण्याआधी पाण्यात भिजवून पाणी ओततो. आईंचं रक्ताचं प्रेशर थोडं खाली आहे. गोळीमुळे की भिजवण्यामुळे, देव जाणे.

आणि चालणं.

कागदावरचं 'रोज तीस मिनिटे चालणे' हे वाक्य सगळ्यात निरुपद्रवी दिसतं आणि आमच्याकडे तेच सगळ्यात कठीण. गावात रस्त्यावर दिसलेल्या माणसाला नमस्कार करत नाहीत, विचारतात: "खंय चाललंस?" याला उत्तर लागतं. बाजारात, देवळात, पोस्टात, कुणाकडे तरी. 'चालायला चाललेय' हे उत्तर होऊ शकत नाही. बाईमाणसाचं तर नाहीच, त्यातून सत्तरीतल्या. आई दोन दिवस गेल्या, तिसऱ्या दिवशी कुणीतरी खोचकपणे विचारलं, "घरात काय झाला काय?" आणि चालणं संपलं. मी कुडाळात चालते तेव्हा मला कुणी काही विचारत नाही, तिथे पायात बूट आणि मनगटावर पट्टा असला की माणूस आपोआप निर्दोष ठरतो. माझा पट्टा रोज दहा हजार पावलं मागतो. तो आकडाही कुठल्या डॉक्टरने काढलेला नव्हे. १९६५ साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती, तिथून तो सगळ्यांच्या मनगटावर आला. त्याहून कमी चालूनही फायदा होतो हे पुढच्या अभ्यासांनी दाखवलंय, पण पट्ट्याला कोण सांगणार?

आईंचं चालणं परत सुरू झालं ते आरवलीच्या वेतोबाच्या कृपेने. वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा. ज्या गावात देवाला रोज रात्री चालावं लागतं तिथे माणसांना काय सूट मिळणार? आईंनी संध्याकाळी देवळात जायचं ठरवलं, रिक्षाने नाही, पायी. विचारणाऱ्याला उत्तर तयार: "देवळात." जाता-येता मिळून तीस मिनिटांपेक्षा जास्तच होतात, वाटेत तीन ठिकाणी थांबून बोलणं वजा केलं तरी. रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं खळ्यात फेऱ्या. जेवणानंतर लगेच पायांचे स्नायू हलले की ते रक्तातली साखर ओढून घेतात आणि आकडा कमी चढतो, हेही कॅलेंडरवर नोंदवलेलं आहे. पावसाळ्यात देऊळ जमत नाही. वाट शेवाळलेली आणि या वयात पडलं तर खुब्याचं हाड. तेव्हा पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पागोळ्यांच्या आवाजात, तोंडाने भजन. ताकदीसाठी माडांना पाणी बादलीनेच घालायचं असंही ठरलंय. नळीने घालता येतं, नळी आहे, पण ती सध्या मी लपवून ठेवलीय. आई तिची जागा ओळखून आहेत असा मला संशय आहे.

साखरेची तीन महिन्यांची सरासरी उतरली. फार नाही, पण डॉक्टरांनी मान हलवली. तोवर एप्रिल लागला होता आणि खोलीत डॉक्टरांच्याही टेबलाखाली कुणीतरी आणून दिलेली पेटी दिसत होती, गवताचा वास येत होता. आईंनी तोच विषय काढला. डॉक्टर म्हणाले, आंबा खा, पण जेवणावर नको, दुपारी नुसता, आणि अर्धा.

"हापूस अर्धो कापूक येता," आई म्हणाल्या. "रायवळ अर्धो चोखूचो कसो?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खरंच, रायवळ कापत नाहीत. तो हातात मऊ करून, देठाकडून फोडून, कोपरापर्यंत ओघळ आणत चोखायचा असतो, आणि मध्येच खाली ठेवून 'माझा अर्धा झाला' म्हणणारं माणूस अजून जन्मलेलं नाही. त्यांनी थोडा विचार केला.

"केवढो रायवळ?"

आईंनी मूठ करून दाखवली. घरी भाताची मूद मोजायला हीच मूठ समोर येते तेव्हा ती बरीच मोठी असते.

"मग एक," डॉक्टर म्हणाले, आणि कागदावर तसं लिहून दिलं.